बडग्याच्या अंगावरचा कोट

शेजारच्या भांडणात पडून आपल्याला काय मिळणार, ते शोभाताईने आधीच मनात मांडून पाहिलं होतं. लेक लतिकाचा फ्रॉक तान्ह्या पोळ्याआधी, म्हणजे पोरांच्या पोळ्याआधी, शिवून मिळणार होता, कारण तो शिवणारी शेजारची प्रेमिला सध्या मनगट सुजवून बसली होती. संध्याकाळचा रेडिओ भिंतीपलीकडच्या आदळआपटीशिवाय ऐकता येणार होता. आणि महाल भागातल्या त्या बोळात, आज भांडून उद्या विरजण मागायला येणारी एकच बाई होती, तिचं सावनेरला जाणं टळणार होतं. ही शेवटची बाब सगळ्यात मोठी, म्हणून शोभाताईने ती कोणाला सांगितली नाही. फ्रॉकचंच गाऱ्हाणं घेऊन फिरली.

पोळा झाला की आपल्या पोरीला घेऊन भावाकडे सावनेरला जाते, असं प्रेमिलाने सांगून टाकलं होतं. भाऊ चार दिवस गोड बोलेल, मग भावजय भांडी वाजवील, आणि मग तोच भाऊ तिला बसने परत आणून सोडील, हे दोघींनाही ठाऊक होतं. मागच्या खेपेला तसंच झालं, आणि परत आल्यावर गेल्याबद्दलचा मार वेगळा पडला.

तिचा नवरा रुपराव तसा वाईट माणूस नाही, असं सगळा बोळ म्हणायचा. बोळाला कुठे मार खावा लागत होता? रुपराव ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून. अक्षर देखणं, मिशा दाट, जीभ तिखट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत, बोळाचा बडग्या निघायचा. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा बाप्या, वर्षभरात लोकांना ज्याने छळलं त्याचं सोंग, आणि त्याच्या गळ्यात पाटी. ती पाटी दरवर्षी रुपरावची. रॉकेल दडवणाऱ्या व्यापाऱ्यावरची त्याची पाटी वाचून लोक पोट धरून हसले होते, आणि त्या हसण्यावर रुपराव वर्षभर जगला होता.

शोभाताई आधी नत्थूजींकडे गेली. म्हातारे नत्थूजी बडग्याचा सांगाडा बांधायचे, बडग्याचं मंडळही त्यांच्याच ओट्यावर भरायचं. यंदा बायकोपोरांना मारणाऱ्याचा बडग्या करा, असं तिने सुचवलं. नत्थूजी तंबाखू मळत म्हणाले की ते घरातलं आहे, रस्त्यावर कशाला आणायचं. शिवाय यंदा महागाई ठरली आहे. शोभाताईने वाद घातला नाही. परतताना प्रत्येक दारात घटकाभर थांबत आली, एवढंच.

बडग्याला कागद चिकटतो तो खळीने, आणि खळ शिजते बायकांच्या चुलीवर. मंडळाने याचा कधी विचार केला नव्हता, कारण मागितली की खळ यायची. यंदा कोणाची कणीक संपलेली, कोणाचं पातेलं कल्हईला गेलेलं, कोणाची चूल धूर करत होती. महागाईचा सांगाडा उघडाच उभा राहिला. बरगड्यांतून पलीकडचा नळ दिसायचा. पोळा तोंडावर आला तेव्हा नत्थूजी स्वतः शोभाताईच्या दारात आले.

“खळ देतं का वं?”

“पाटी बदलता का, मामाजी?”

नत्थूजींनी टोपी सारखी केली आणि महागाई रद्द केली.

आता हे रुपरावला सांगणार कोण? पण रुपराव विषय ऐकून खूशच झाला. बायकोला मारणारा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे पलीकडच्या गल्लीतला एक दारुडा उभा राहिला. आपण कुठे मारतो? आपण समजावतो, तेही न पिता. त्याने झोकात पाटी रंगवली: ‘घरात वाघ, हापिसात शेळी! अशाले घेऊन जा गे मारबत!’ वर स्वतःहून सुचवलं की बडग्याच्या हातात काठी द्या आणि मिशा जरा दाट ठेवा.

बडग्याचे कपडे घरोघरचे. रिवाज असा, की एकदा त्याच्या अंगावर चढलेला कपडा परत मागायचा नाही. मागितला तर त्यासोबत पीडाही घरी येते. रुपराव हापिसात असताना नत्थूजी कपडे मागायला आले. प्रेमिलाने ट्रंक उघडली आणि तळातून चौकड्यांचा तपकिरी कोट काढला. रुपरावच्या लग्नातला कोट. बोळातल्या प्रत्येक लग्नात तो मिरवून आलेला. त्याचं एक बटण हरवलं म्हणून प्रेमिलाने मार खाल्ला होता, आणि नंतर सापडेल त्या हिरव्या दोऱ्याने दुसरं बटण लावलं होतं.

शोभाताई तिथेच होती. बडग्या तिच्या डोक्यातला, पण कोट नव्हता. ती घाबरली. “चांगला हाये वं कोट अजून.”

“बडग्याले चांगलाच पाह्यजे,” प्रेमिला म्हणाली.

मारबतीच्या दिवशी रुपराव झांजा घेऊन सगळ्यांच्या पुढे. नत्थूजींनी बडग्यावर चादर टाकून ठेवली होती, ती बोळाच्या तोंडाशी ओढली. रुपराव पाठमोरा, आपलीच पाटी ओरडून लोकांना म्हणायला लावत होता. लोकांनी आधी पाटी वाचली, मग कोट पाहिला, मग मिशा पाहिल्या, मग रुपरावकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, “हा तं रुपराव दिसून राह्यला गा.” आणि सगळ्या रस्त्याला हसू फुटलं.

रुपराव वळला. हिरवा दोरा त्याने लांबूनच ओळखला. कोट ओढायला धावला, तर नत्थूजींनी शांतपणे त्याचा हात धरला. “नोको लावू हात. पीडा घरी येते.” आणि रुपरावला पाटीही नाकारता येईना, अक्षर सगळ्या महालाच्या ओळखीचं होतं.

संध्याकाळी बडग्या कोटासकट जळाला. शोभाताईने त्या दिवशी रेडिओ आपणहून बंद केला. ओट्याओट्यांवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. एवढे तांदूळ कोणालाच निवडायचे नव्हते. भिंतीपलीकडे रुपरावचा आवाज चढला, पाट आदळला, आणि मग प्रेमिलाचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

“कोट गेला. आता हात राह्यला. तो बी पुढच्या साली बडग्याले द्याचा का?”

मग कुठल्याशा ओट्यावरून कोणीतरी सूर धरला, “घेऊन जा गे मारबत,” आणि दुसऱ्या ओट्याने तो उचलला. ओरडलं कोणीच नाही. अंगाई म्हणावी तसं म्हटलं. खाट करकरली. रुपराव बसला होता.

तो काही साधू झाला नाही. पुढेही त्याचा आवाज चढायचा. चढला की बोळात ताटं वाजायची आणि तो उतरायचा. हात मात्र पुन्हा उठला नाही. सावनेरला न्यायची पिशवी प्रेमिलाने खुंटीवरून काढून त्यात शिवणाच्या चिंध्या भरल्या. फ्रॉक तान्ह्या पोळ्याला मिळाला नाहीच. तो दसऱ्याला मिळाला, आणि माप उन्हाळ्यातलं, तोवर लतिका वाढल्यामुळे आखूड झाला.

फ्रॉक घालून पाहताना लतिकाने तेलाची वाटी लवंडली. शोभाताईने सवयीने चुलीजवळची फुंकणी उचलली. पोरगी हलली नाही.

“आई, तुनं तं बायकोपोराईले मारणाऱ्याचा बडग्या सांगतला होता ना? फुंकणी नत्थूजीले देऊन येऊ का?”

दारात प्रेमिला उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला, पण हसू लपलं नाही. शोभाताईने फुंकणीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि फुंकणी तिच्या हातात दिली. नत्थूजींनी ती पुढच्या बडग्यासाठी आढ्याला खोचून ठेवली.

तर शेवटी किंमत म्हणून कोणी काय भरलं? रुपरावने कोट भरला आणि घरातला वाघ भरला. बोळाने थोडी कणीक भरली. प्रेमिलाने काही भरलं नाही. तिचं आधीच भरून झालं होतं. आणि शोभाताई अजून गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून तोंडानेच चूल फुंकते. हा खर्च तेवढा तिने धरला नव्हता.