तिजोरीतली मखमली पिशवी

समुद्राकाठच्या त्या रंगेल शहरात हॉटेलचा मॅनेजर प्रत्येक पाहुण्याला एकच मंत्र द्यायचा. "बाहेर क्लब, गर्दी, चोरटे. दागिने अंगावर नकोत, ताई. खोलीतल्या तिजोरीत ठेवा."

गेल्या वर्षी कापड रंगवायचा कारखाना चालवणाऱ्या रंगारीणबाईंनी त्याचं ऐकलं आणि आईची सोन्याची साखळी तिजोरीतून गेली. वर हाच तोंड वर करून म्हणाला, "तुम्हीच कुठेतरी पाडली असेल." वर्षभर बाईंचं डोकं त्या वाक्याने खदखदत होतं.

यंदा त्या मुद्दाम त्याच हॉटेलात उतरल्या. मखमली पिशवीवर त्यांनी आपल्या कारखान्यातली रंगाची पूड भुरभुरवली. कोरडी असताना ती नुसती धूळ वाटते. पिशवी तिजोरीत ठेवून, खाली मॅनेजरला ऐकू जाईल असं "दागिने ठेवलेत बरं का" म्हणून त्या समुद्रावर गेल्या.

संध्याकाळी तिजोरी रिकामी होती. खाली मॅनेजर नव्या पाहुण्यांना तोच मंत्र देत होता. हात मात्र खिशात.

"भाऊ, जरा पावतीवर सही करता?" बाईंनी विचारलं.

नाइलाजाने हात बाहेर आले. मनगटापर्यंत जांभळेगर्द! पाहुणे बघतच राहिले.

"शाई सांडली," तो चाचरला.

"शाई नव्हे, माझा रंग. हात पाण्याने धुतलेत ना? तिथेच फसलात. पोलीस निघालेत, तोवर खुशाल घासत बसा. नुसते कोरडे झटकले असतेत, तर सुटला असतात."