उसवलेल्या कॉलरी

कारखाना बंद झाला तेव्हापासून त्याला घरात बसवेना. बसायला जागा नव्हती असं नाही. खुर्ची होती, पलंग होता, खिडकीचा कट्टाही होता. पण कुठेही टेकला की त्याचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. त्या पायाची उभी हयात शिलाईमशीनच्या पायट्यावर गेलेली. आता पायाखाली पायटा नाही, हे त्याला कोण समजावणार?

मग तो उठायचा आणि काहीतरी दुरुस्त करायचा. गळत नसलेला नळ त्याने इतका घट्ट पिळला की तो गळायला लागला. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि बायकोला भर घाईत मीठ सापडेना. ती दवाखान्यात रुग्णांना जेवण वाढायच्या कामावर होती. दमून घरी यायची आणि आपल्याच घरात वाट चुकल्यासारखी उभी राहायची.

"अहो, जरा बाहेर फिरून या ना."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. पण तो पाय बरोबर घेऊन जा."

नोकरीसाठी त्याने उंबरठे झिजवले नव्हते असं नाही. पण जाईल तिथे एकच प्रश्न यायचा, पूर्ण शर्ट शिवता येतो का? आणि खोटं त्याला येत नव्हतं. कारखान्यात बाहीवाला वेगळा, खिशावाला वेगळा, काज-बटणवाला वेगळा. हा कॉलर लावायचा. एका बाजूने बिनकॉलरच्या शर्टांचा गठ्ठा यायचा, दुसऱ्या बाजूने कॉलरींचा. दोन्ही एका मापाचे, एका कापडाचे. हा जोडून पुढे ढकलायचा. आपण लावलेली कॉलर कुणाच्या मानेभोवती जाते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

अशात मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दूरच्या गावी एका गोदामाची व्यवस्था बघायचा. येताच खुर्चीत पसरला आणि म्हणाला, "पाहुणे, तुमचं काम झालं समजा. गोदामाला राखणदार पाहिजे. फाटकाजवळ खोली आहे, राहायचं तिथेच. सुट्टी मिळाली की घरी यायचं. काम काहीच नाही. खुर्चीत बसायचं आणि फाटकाकडे बघायचं."

बसायचं? तेही घरापासून इतक्या लांब, एकट्याने?

"विचार करून सांगतो, दादा."

"करा की विचार. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी गाडी घेऊन येतोय. आलात तर आलात, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. असल्या जागा वाट बघत नाहीत."

बायको हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण भाऊ गेल्यावर तिने भाजी चिरताना विचारलं, "खरंच तुम्हाला कॉलरीशिवाय काहीच येत नाही?"

"नाही."

"बाही?"

"सांगितलं ना, बाहीवाला वेगळा होता."

तिला हसू आलं. हसता हसता तिची नजर त्याच्या अंगातल्या शर्टावर गेली. शर्ट धडधाकट होता, फक्त मानेशी कॉलर झिजून दोरे लोंबत होते. ती हसायची थांबली. "अहो, पण आधी जाते ती कॉलरच ना? बाकीचा शर्ट चांगला असतो आणि कॉलरीपायी पोतेऱ्यात जातो. ती उलटून लावता येते की नाही?"

येते? डोळे मिटून येते! कॉलरीची शिवण उसवायची, झिजलेली बाजू खाली, कोरी बाजू वर, पुन्हा शिवून टाकायची. शर्ट नवा. तो इतक्या वेगाने उठला की खुर्ची मागे पडली.

कारखान्याचं सामान विकायला काढलं होतं तेव्हा हिशेबाच्या पैशातून त्याने एक जुनं पायमशीन उचललं होतं, काही उपयोग नसताना, केवळ सवयीने. ते बाहेर निघालं. बायकोने पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'झिजलेली कॉलर उलटून मिळेल. सकाळी द्या, संध्याकाळी न्या.' बाजाराच्या मुकादमाने चावीवाल्याच्या शेजारची, भिंतीलगतची जागा दाखवली. पण हातचं राखून.

"येत्या बाजारी एक दिवस बसा. ओरड झाली नाही तर जागा तुमची. गिऱ्हाइकाची ओरड झाली तर मात्र माझ्याकडे मागणारे पुष्कळ आहेत."

म्हणजे एका दिवसात काय तो निकाल. संध्याकाळी जागा आपली झाली तर मेहुण्याला नाही म्हणता येईल. नाही झाली तर फाटक.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो मशीन मांडून बसला. सगळा बाजार ओरडत होता. भाजीवाल्या ओरडत होत्या, बादल्यावाला बादल्या बडवत होता. याच्या तोंडून शब्द फुटेना.

"काय मास्तर, मौनव्रत आहे का?" चावीवाला म्हणाला. तो किडकिडीत होता आणि त्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता. "तोंड उघडा की."

"काय म्हणू?"

"मीच म्हणतो. ऐका हो ऐका! शर्ट जुना, मान नवी! बायकोला कळणार नाही, साहेबाला कळणार नाही!"

पहिल्यांदा कुणी बघितलं नाही, मग एकाने पाहिलं, मग दुसरा थांबला. त्या गावात ऑफिसात, शाळेत, दुकानात सगळीकडे पांढऱ्या शर्टाची शिस्त होती आणि घरोघरी झिजलेल्या कॉलरींचे पांढरे शर्ट पडून होते. लोक घरी जाऊन घेऊन आले. दुपार व्हायच्या आत त्याच्यापुढे चांगला ढीग झाला. त्याच्या अंगात वारं शिरलं. किती दिवसांनी समोर गठ्ठा आला होता! त्याने ब्लेड घेतलं आणि सटासट उसवायला लागला. एक कॉलर सुटली की डावीकडे, शर्ट उजवीकडे. आधी सगळं उसवायचं, मग सगळं उलटायचं, मग सगळं शिवायचं. काम असंच पळतं. मान वर न करता त्याने शेवटचा टाका तोडला, कॉलरी झटकून उलटल्या, वरची उचलली, आणि शर्ट घ्यायला उजवा हात पुढे केला.

हात तसाच राहिला.

कुठला शर्ट?

डावीकडे पांढऱ्या कॉलरी. उजवीकडे पांढरे शर्ट. त्याने एक कॉलर एका शर्टाला लावून पाहिली, दुसऱ्याला लावून पाहिली. परत ठेवली. परत उचलली.

"काय झालं हो?" चावीवाला वाकून म्हणाला. त्याने ढीग पाहिले आणि त्याला आलेलं हसू त्याने अर्ध्यात गिळलं. "खूण नाही बांधलीत? मी तर चावी आली की कुलपालाच बांधून ठेवतो."

"कारखान्यात कधी लागलीच नाही. कुठलीही कॉलर कुठल्याही शर्टाला बसायची."

"अहो, तिकडे शर्टाच्या आत माणूस नसायचा!"

मग त्याने जे जमेल ते केलं. कुणाचं कापड जाड, कुणाला निळीची झाक, कुणाची टोकं लांब. बऱ्याच जोड्या जुळल्या. पण उरलेले शर्ट एकाच दुकानातून घेतल्यासारखे होते. उन्हं उतरायला लागली. त्याचा पाय पायट्यावर नुसताच थडथडत होता.

"शिवा आणि द्या," चावीवाला हळूच म्हणाला. "स्वतःची मान स्वतःला दिसते का कुणाला?"

हे त्यालाही सुचलं नव्हतं असं नाही. त्याने अंदाजाने एक कॉलर शिवलीसुद्धा. डोळ्यांना ठीक दिसत होती. पण बोट फिरवलं तर एका कडेला किंचित ओढ लागत होती. बघणाऱ्याला कळणार नाही, पण घालणारा दिवसभर मान हलवत राहील आणि आपल्याला काय टोचतंय हे त्याला कळायचं नाही. त्याने आपलीच मान चोळली, आणि ती कॉलर पुन्हा उसवली.

संध्याकाळी पहिली आली ती एक ठेंगणी, भरदार बाई. "झाला का हो शर्ट?"

"बाई, माझी चूक झाली," तो जागेवरून उठला. "कॉलरी एकमेकींत मिसळल्या. तुमची कुठली ते मला… म्हणजे नक्की सांगता येत नाही."

चावीवाल्याने कपाळावर हात मारला. बाईने कमरेवर हात ठेवले, त्याच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि खाली बसली. एकेक कॉलर उजेडाकडे धरून टाकत गेली, आणि एक तिने त्याच्या तोंडासमोर नाचवली.

"ही घ्या. हा माझ्या नवऱ्याच्या मानेचा मळ आहे. लग्न झाल्यापासून घासतेय, मी ओळखणार नाही?"

मागच्या माणसांत हशा पिकला. "वहिनी, माझीही शोधून द्या!" कुणीतरी म्हणालं. "तुझा मळ तुझ्या बायकोला विचार!" मग जो तो वाकला. एका शिक्षकाला लाल शाईचा ठिपका सापडला. एका म्हातारीने कॉलर नाकाला लावली आणि केसांच्या तेलावरून मुलाची म्हणून बाजूला काढली. चावीवाला प्रत्येक जोडी जुळली की लग्न लागल्यासारखा टाळ्या वाजवायचा. हा शिवत होता. कान लाल झाले होते, पण हात चालत होते.

शेवटी दोन कॉलरी उरल्या आणि दोन माणसं. एक निवृत्त बसकंडक्टर, दुसरा बारीक मिशीचा तरुण कारकून. दोघांनाही आपली कॉलर ओळखता येईना. कारकून एकटा राहायचा, कपडे लाँड्रीत द्यायचा.

"मला कुठलीही चालेल," कंडक्टर म्हणाला. "माझी मान काय आता कुणाला दाखवायचीय?" एक लावून घेऊन तो गेलासुद्धा.

कारकून मात्र पेटला. "मला उद्या नव्या साहेबासमोर उभं राहायचंय, आणि मी कुणाची तरी कॉलर घालून जाऊ? हा काय पोरखेळ आहे?" त्याचा आवाज चढला. नेमका मुकादम तिथे आला, आणि नेमकं त्याच वेळी बाजाराच्या तोंडाशी मेहुण्याची गाडी थांबली. पुढच्या बाजूला बायको बसली होती; दवाखान्यातून परस्पर तिला घेऊन आला होता. दोघं उतरून मशीनपाशी आली.

"ओरड झाली म्हणायची," मुकादम म्हणाला.

"झाली म्हणजे? मी तक्रार करणार आहे!"

"आज वेळ संपली. पुढच्या बाजाराला सकाळी या. तुम्ही पण यायचं, मास्तर, दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. मग ठरवू जागेचं." मुकादमाने तेवढं सांगितलं आणि पुढच्या दुकानाकडे वळला.

त्याने उरलेली कॉलर जीव ओतून शिवली. कारकुनाने शर्ट तिथेच अंगात घातला, काही न बोलता निघाला. जाता जाता त्याने मान एकदा डावीकडे हलवली, एकदा उजवीकडे.

"चला पाहुणे," मेहुणा मशीनवर हात ठेवून म्हणाला. "झाली ना हौस? सगळं ऐकलं मी. जागा गेलीच म्हणून समजा. गाडी उभी आहे."

तो कारकुनाच्या पाठीकडे बघत होता. गर्दीत ती मान पुन्हा हलली.

"पाहुणे, मी तुमच्याशी बोलतोय. अगं, तू तरी सांग यांना."

"मी काय सांगू, दादा?" बायको म्हणाली. तिने मशीनवरच्या दोऱ्यांचे तुकडे गोळा करायला घेतले होते. "घरात बसले तर माझे डबे जागेवर राहत नाहीत. तुझ्या फाटकापाशी बसले तर फाटकच खिळखिळं व्हायचं."

"थट्टा पुरे. आज हे नाही म्हणाले तर दुसरा माणूस नेईन मी. पुन्हा मागायला यायचं नाही."

पुढच्या बाजारी जागा राहील की जाईल, काही सांगता येत नव्हतं. गोदामाच्या खोलीत निदान छप्पर तरी पक्कं होतं. कारकून आता बादल्यावाल्याच्या पलीकडे गेला होता, आणखी थोडा पुढे गेला असता तर दिसेनासा झाला असता.

"न्या दुसऱ्याला, दादा," तो म्हणाला, आणि मापाचा टेप उचलून पळत सुटला.

"अहो!" बायकोने हाक मारली. "अहो, चपला!"

त्याने कारकुनाला बसथांब्यावर गाठलं. धाप लागली होती, पायाला खडे बोचले होते.

"आता काय?" कारकून वैतागून म्हणाला.

"मान सरळ ठेवा. अशी. हलू नका."

रांगेतली माणसं बघायला लागली. त्याने टेप कारकुनाच्या मानेभोवती फिरवला, मग कॉलरीवरून फिरवला, कॉलरीच्या आत बोट घालून पाहिलं. हे सकाळीच करायचं होतं, शर्ट हातात घेताना.

"टोचतंय?"

कारकुनाने कॉलरीत बोट घातलं. मग म्हणाला, "डाव्या बाजूला."

"टोचणारच. ही कंडक्टरची आहे. तुमची त्यांच्या गळ्यात गेली."

"वा! आणि हे मला आता सांगताय?"

"आता कळलं. उद्या वरचं बटण उघडं ठेवा, ओढ लागणार नाही. आणि पुढच्या बाजारी शर्ट घेऊन या, त्यांना मी निरोप देतो. समोरच बदलून देतो."

"पुढच्या बाजारी मी तक्रार करायला येणार आहे!"

"हो हो, करा ना. ती सकाळी करा," तो टेप गुंडाळत म्हणाला. "शर्ट तेवढा आधी द्या. त्याला खूण बांधायचीय."