गोलाची पुढची बाजू

मी रेहल. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. पुस्तक उघडून ठेवायची लाकडी घडी म्हणजे मी. उघडली की दोन्ही हात वर करून उभी राहते, मिटली की नुसती फळी. बोलणं माझं काम नाही, धरून ठेवणं माझं काम. पण एक गोष्ट इतकी वर्षं धरून ठेवली आहे की आता हात अवघडले.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोनेक वर्षं झाली होती. औरंगाबादहून वेरूळकडे जाणाऱ्या वाटेवर एका वस्तीत मराठी शाळा निघाली. शाळा म्हणजे मजीद मिस्त्रींच्या सुतारखान्याशेजारची खोली. फळा तालुक्याहून यायचा होता, पुस्तकं आणखी कुठून तरी यायची होती. आल्या होत्या फक्त मनकर्णाबाई, नागपूरला शिकून, आणि त्यांच्या पिशवीतलं पहिलीचं एकुलतं एक पुस्तक.

बाई कोवळ्या वयाच्या. चालताना सुद्धा देश घडवायला निघाल्यासारख्या चालायच्या. "इथं छडी नाही, पाठांतर नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आणि कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. सगळे गोल बसा."

मुलं आपापली पोती अंथरून गोल बसली. मधोमध जमिनीवर पुस्तक.

मजीद मिस्त्री दारातून बघत होते. "बाई, किताब जमीन पे नको रखो," ते म्हणाले. त्याच दुपारी सागाची एक फळी चिरून त्यांनी मला घडवलं. ना खिळा, ना बिजागरी. "इसपे पढनेकीच चीज रखना," त्यांनी मुलांना बजावलं. सांडू नावाचा मुलगा दुसऱ्याच दिवशी माझ्यावर बसला. मी मिटले. त्याच्या किंकाळीवरून मला माझ्या ताकदीचा अंदाज आला.

मधे बसलेली असल्यामुळे सगळे चेहरे मला दिसायचे. सांडू बाईंच्या मांडीला लागून बसायचा. त्याचं तोंड धड्यावर असायचं आणि डोळे आढ्यावरच्या पालीवर. बाजूची मुलं माना तिरक्या करून वाचायची, चिमण्या दाण्याकडे बघतात तशी. आणि बाईंच्या थेट समोर, पलीकडच्या अंगाला, भागू. पहिल्या दिवशी धाकट्या भावाला झोपवून ती उशिरा आली आणि दाराजवळची उरलेली जागा तिला मिळाली. पुढं जागा बदला म्हटलं तर कोणी बदलेना. पोतं जिथं अंथरलं तिथं ज्याचं त्याचं राज्य.

बाई ज्वारीच्या धांड्यानं शब्द दाखवायच्या आणि भागू चटकन सांगायची. पाटीवर ती अक्षर काढायची तेही बाईंना समोरून अगदी सुरेख दिसायचं. "भागूचं बघा," त्या सगळ्यांना म्हणायच्या. बाजूची मुलं माना आणखी तिरक्या करायची. मला सगळं कळत होतं, पण माझे दोन्ही हात गुंतलेले.

भागूची आजी सारजाबाई मात्र खूश नव्हती. "बाई, पोरगी दिली तुमच्याकडं, तिकडं धाकटं दिवसभर रडतंय," एकदा ती दारातच बोलली. "तपासणीचा सायेब येनार म्हनं. त्याच्यासमोर वाचलं तर साळा. नाय तर पोरगी घरी."

"वाचेल. अहो, ती तर पहिली वाचेल," बाई म्हणाल्या.

साहेब आले. काळी टोपी, काळेभोर केस, काखेत वर्तमानपत्र. दारात सारजाबाई नातवाला कडेवर घेऊन उभी, तिच्यामागं मजीद मिस्त्री. साहेबांनी आल्याबरोबर माझ्या हातातलं पुस्तक उचललं आणि सांडूला दिलं. सांडू पाण्यासारखा वाहू लागला. साहेबांनी मधेच पान उलटलं. सांडू मागच्याच पानावरून वाहत राहिला.

"याला डोळ्यांची गरजच नाही," साहेब म्हणाले. "दुसरं कोण?"

बाईंनी भागूला उभं केलं. साहेबांनी पुस्तक नीट सरळ तिच्या हातात दिलं. भागू बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. रोजची ओळखीची अक्षरं आज डोक्यावर उभी राहिली होती.

"झालं," सारजाबाई म्हणाली. "चल गं घरी."

भागूनं एकदा आजीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पुस्तक आणून माझ्यावर ठेवलं, बाईंकडं तोंड करून, रोजच्यासारखं. वळसा घालून ती आपल्या पोत्यावर बसली आणि पलीकडून वाचू लागली. अडखळत, पण एक एक शब्द.

"हेही पाठच असणार," साहेब म्हणाले. ते बाईंच्या जागी मांडी घालून बसले आणि माझ्यावर आपलं वर्तमानपत्र ठेवलं, स्वतःकडं तोंड करून. "इथं वाच."

भागू वाकली. "पांढरे... केस... आठ दिवसांत... काळे."

साहेबांचा हात आपसूक टोपीकडं गेला. मजीद मिस्त्रींना ऐन वेळी खोकला आला.

"ही उलटं वाचते," साहेब अखेर म्हणाले.

"उलटं म्हंजी?" सारजाबाईनं विचारलं.

"म्हणजे आपण सरळ वाचतो, तसं नाही."

"आपन कुठलं? मला तर सरळ बी येत नाय." तिनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "वाचलं ना? मग ऱ्हाऊ द्या साळंत. सुलटं तुमी करा."

साहेब गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "मिस्त्री, मी सगळ्यांना गोल बसवलं," त्या म्हणाल्या, "आणि पुस्तक मात्र माझ्याकडं तोंड करून ठेवलं."

"रेहल को पाय नै बाई," मजीद म्हणाले, "पन फिरती हय."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मला थोडं फिरवायचं ठरलं. भागू पंधरवड्यात सरळही वाचू लागली. सांडूला पालीकडं पाठ करून बसवलं, तेव्हा कुठं तोही वाचू लागला. पुढं फळा आला, पुस्तकं आली, आणि बाईंनी मला भागूच्या हाती दिलं.

भागू बालवाडीची बाई झाली. सगळा जन्म ती मुलांच्या समोर बसून शिकवत आली, आणि पुस्तकाचं तोंड नेहमी मुलाकडं. तिला उलटं वाचता येतं, म्हणून मुलांना सरळ वाचता आलं.

आता मी शहरातल्या पुंडलिकनगरात तिच्या घरी आहे. एक हात तडकलाय. तिचा पणतू माझ्यावर मोबाईल टेकवून क्रिकेट बघतो. मजीद मिस्त्रींनी बघितलं असतं तर परत खोकला आला असता. पण संध्याकाळी मोबाईल उतरतो, पुस्तक चढतं, आणि म्हातारी भागू पलीकडच्या अंगाला जाऊन बसते. तिची जागा तीच.

तुमच्या घरात कोणी लहान वाचायला बसलं, तर एवढंच करा. पुस्तक त्याच्याकडं फिरवा. उलटं तुम्ही वाचा.