गुलाबी झालेलं फडकं

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर, व्हरांड्यात, बाहेर फुटपाथवर माणसं उभी होती, आणि प्रत्येकासोबत कुणीतरी तापाने फणफणलेलं. समोरच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ. हात ठेवून ताप उतरवणाऱ्या गारहात महाराजांनी त्याच्या छातीवर पांढरं कोरडं फडकं पसरलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि तळहात दाबला. बघता बघता फडकं गुलाबी झालं.

“ताप म्हणजे काय? आत कोंडलेला राग,” महाराज म्हणाले. “डॉक्टरांच्या यंत्राला राग दिसतो का? इथे बघा, बाहेर आला.”

मग मधात कालवलेली पांढरी पूड चाटवली. तासाभरात भावाला दरदरून घाम सुटला, अंग गार पडलं. आईला रडू आवरेना. संध्याकाळी ताप परत आला.

मी दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ सारखा आजारी आहे कळल्यावर सुट्टी काढून आले होते. तो खिडक्यांना काचा बसवायचा. त्याच्या हृदयातल्या एका झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या, जन्मापासून. दात जपा, ताप आला तर ही गोष्ट आधी सांगा, असं डॉक्टरांनी लहानपणीच बजावलं होतं. पण धडधाकट पोराच्या बाबतीत असलं कोण लक्षात ठेवतं? दाढेच्या मुळाशी पू झाला, तो त्याने अंगावर काढला. मग ताप सुरू झाला.

“उद्या दवाखान्यात जाऊ,” मी म्हटलं.

“तुझं विज्ञान शाळेत ठेव,” आई म्हणाली. “महाराजांनी माझं लेकरू उठवून बसवलं.”

“ताई, तिथे खरंच बरं वाटतं गं,” भाऊ म्हणाला. “ते काय खोटं आहे?”

“बरं वाटतं हे खरंय. पण तू बरा होत नाहीयेस, राजा.”

दुसऱ्या दिवशी त्याला जिना चढवेना, तेव्हा कुठे आई तयार झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचे हात पाहिले. नखांखाली बारीक तपकिरी रेषा होत्या.

“काच गेलीय,” तो म्हणाला. “आमच्या धंद्यात चालायचंच.”

“काच नाही ही, आत रक्त साकळलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

दाढेतले जंतू रक्तात उतरून त्या झडपेवर बसले होते. तिथे त्यांनी ठाण मांडलं होतं, झडप कुरतडली होती. बाईंनी रक्त तपासायला घेतलं, शिरेतून औषध सुरू केलं, झडप बदलायचं ठरवलं. “थोडं आधी आला असतात तर,” एवढंच बोलल्या. ऑपरेशनच्या आधीच झडपेवरचा एक तुकडा सुटून मेंदूत गेला. सकाळी तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला माझं नाव घेता येईना. दुपारी तो गेला.

बरेच दिवस गेले. मग एकदा आई म्हणाली, “पण रंग तर मी या डोळ्यांनी पाहिला.”

घरी वापरायला म्हणून महाराजांनी दिलेलं फडकं आणि पूड तिने जपून ठेवली होती. पूड मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिली. ती साधी तापाची गोळी निघाली, कुटलेली. फडकं घेऊन मी आईसोबत हॉलमध्ये गेले. महाराजांच्याच तांब्यातलं पाणी घेतलं आणि फडकं टेबलावर पसरून शिंपडलं. ते गुलाबी झालं.

“टेबलाला कसला राग आलाय?” मी विचारलं.

महाराज म्हणाले, “ही अश्रद्ध बाई आहे.” पण या वेळी कुणी त्यांना हात जोडले नाहीत.

मी सांगितलं, “फडक्याला फिनॉल्फ्थेलीन नावाचं बिनरंगी रसायन लावून वाळवलंय. पाण्यात धुण्याचा सोडा आहे. दोन्ही एकत्र आली की रंग येतो. शाळेतली पोरंसुद्धा हे करतात. ताप उतरतो तो गोळीने, आणि आतला आजार तसाच वाढत राहतो. ताप पुन्हापुन्हा येत असेल तर रक्त तपासून घ्या. जन्मतः हृदयात काही दोष असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा. माझ्या भावाचं ते वेळेवर कुणी सांगितलं नाही.”

पहिल्या रांगेत एक बाई तापलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदा महाराजांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. आई तिच्याजवळ गेली, वाकली आणि मुलीच्या कपाळावर हात ठेवला.

“ऊठ, दवाखान्यात जाऊ,” आई म्हणाली. “मी येते सोबत. मला रस्ता माहितेय.”