कानांत घर केलेली खरूज

मी एक वयस्कर ससा आहे, मित्रांनो. रंगाने पांढरा, अंगाने गुबगुबीत आणि स्वभावाने जरा भित्राच. आज मी सुखात आहे, पण एकदा माझ्या अगदी जिवावर बेतले होते.

मी एका शिंप्याच्या घरी वाढलो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. माझा पिंजरा शिलाई मशीनशेजारी असे. शिंपीदादांच्या मुलीने, छोटीने, मला हट्ट करून आणले होते. माप द्यायला आलेली गिऱ्हाइके आधी माझ्या पाठीवरून हात फिरवत. छोटीच्या आत्याचे मात्र माझ्याशी जमत नसे, कारण तिच्या चपलांचे पट्टे मी कुरतडत असे. "हा ससा आहे की उंदीर?" असे ती येता-जाता विचारी.

एकदा शेजारचा ससा काही दिवस माझ्या पिंजऱ्यात राहून गेला. त्यानंतर माझ्या कानांत खाज सुटली. मी पायाने कान ओरबाडी, डोके झटकी. हळूहळू आत खपल्यांचे थर साचले. कान इतके जड झाले की मान वाकडी होऊ लागली. गिऱ्हाइके दारातूनच बोलू लागली. त्यातच छोटीच्या मनगटावर पुरळ उठले.

"आता याला घरात ठेवून चालणार नाही," शिंपीदादा म्हणाले. छोटी रडकुंडीला आली, तसे ते विरघळले आणि कुत्रा पाळणाऱ्या एका मित्राकडून औषधाची बाटली घेऊन आले. "कुत्र्याच्या गोचिडी जातात याने. याचंही जाईल."

तेवढ्यात आत्या आली. तिने माझ्यासमोरच चपला काढल्या. मी जागचा हललो नाही.

"दादा, ती बाटली ठेव बाजूला," ती म्हणाली. "याने चपलेकडे ढुंकूनही बघितलं नाही. हा फार आजारी आहे. चल, डॉक्टरकडे."

तिने मला स्वतःच्या शालीत गुंडाळले. दादांनी बाटली खिशात टाकली आणि दुकान बंद केले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खपलीचा कण काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून आत्याला दाखवला.

"अगं बाई, हे तर चालतायत," आत्या म्हणाली.

"खरजेचे किडे आहेत. खपल्या ओढून काढू नका, त्याला फार दुखेल. औषधाने आपोआप गळतील."

दादांनी खिशातली बाटली पुढे केली. बाईंचा चेहरा बदलला. "हे मारलंत याच्यावर?"

"नाही. आज मारणार होतो."

"बरं झालं थांबलात. कुत्र्याला हे चालतं, पण सशाचा जीव जाऊ शकतो."

दादांनी बाटली तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी.

मला सुई टोचली, पुढे पुन्हा एकदा टोचली. छोटीने पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, जुने अंथरूण फेकून दिले. शेजारच्या सशालाही औषध मिळाले. छोटीचे पुरळ गेले, माझ्या खपल्या गळल्या, आणि एका सकाळी माझे दोन्ही कान ताठ उभे राहिले.

मित्रांनो, ससा दुखले तरी सहसा ओरडत नाही. तो कोपऱ्यात गप्प बसतो. म्हणून त्याचे कान, नाक, पंजे रोज पाहत जा. आपल्या मनाने औषध लावू नका, डॉक्टरांना दाखवा. माझ्या गप्प बसण्याकडे त्या दिवशी कुणाचे तरी लक्ष गेले, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.