दुसरा ब्रेक

"पाय काढा ना, बाबा!"

मैदानाच्या मधोमध गाडी गचका खाऊन बंद पडली. समोर ना खड्डा, ना कुत्रं. तरी बाबांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर गेलाच होता. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाबा तो इतका दाबत, की शिकायला येणारे त्यांना मागून ब्रेकमास्तर म्हणत.

लेकीनं पुन्हा चावी फिरवली. आई गेल्यापासून ती खोलीबाहेर पडत नव्हती. नोकरीही सुटली. जेवायला हाक मारली तर "भूक नाही", एवढंच. घरात कोणाचं काय चाललंय ते बाबांना नेहमी बायकोकडून कळायचं. ती गेली आणि बापलेक एकाच घरात पाहुण्यांसारखे राहू लागले. म्हणून आज लेक आपण होऊन "मला गाडी शिकवा" म्हणाली, तेव्हा बाबा अर्धा चहा टाकून उठले होते.

दुसऱ्या फेरीत ती समोर बघतच म्हणाली, "मला झोप लागत नाही. लागली तर वाटतं, उठूच नये."

"असं अभद्र बोलू नये! चार दिवस मावशीकडे जा, जरा हवापालट..."

गचका. गाडी बंद.

"बघा! घरातही हेच. मी तोंड उघडलं की दाबलाच ब्रेक."

बाबा ओशाळले. त्यांनी विचारलं, "आईला सांगायचीस?"

"हो."

"ती काय म्हणायची?"

"काही नाही. कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. मी थांबले की 'मग?' म्हणायची. बस."

बाबांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि त्या अरुंद सीटवर चक्क मांडी ठोकली.

"हे काय?"

"चल. मैदान मोकळं आहे. आता दाबीन म्हटलं तरी पाय पोचायचा नाही."

तिला हसू फुटलं. गाडी हळूहळू गोल फिरू लागली आणि ती बोलू लागली. सकाळी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. आईचा आवाज आठवेनासा झालाय. बाबांना सांगावं तर ते आधीच खचलेले. बाबांच्या जिभेवर दहा सल्ले आले. त्यांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले आणि ते गिळले.

ती थांबली.

"मग?" बाबा म्हणाले.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिनं गाडी बंद पडू दिली नाही.

"एक विचारतो," बाबा म्हणाले. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?"

"काल वाटलं होतं. म्हणूनच आज म्हटलं गाडी शिकवा. समोरासमोर बसून सांगता आलं नसतं."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"मैत्रिणीनं एक डॉक्टर सुचवल्यात. मनाच्या. एकटीनं जायचा धीर होत नाही."

"आज असतात?"

"असतात."

"मग घे गाडी तिकडेच."

मैदान संपलं. पुढे मोठा रस्ता होता, गाड्या सुसाट जात होत्या. तिनं गाडी थांबवली आणि डोळे पुसले.

"आता पाय खाली घ्या, बाबा. इथं ब्रेक लागेल."

त्यांनी पाय खाली सोडले आणि ब्रेकपासून वीतभर लांब, अनवाणीच टेकवले.