तेरावे रीळ

घंटेच्या पितळी कडेवर तीन नावे कोरलेली — विश्वंभर, वैजनाथ, व्यंकटराव. पणजोबांच्या तमाशाची, आजोबांच्या मूकपटांची, मग वडिलांच्या तंबू-टॉकीजची ही घंटा... आणि चौथ्या नावाची जागा शालूबाईंच्या अंगठ्याखाली अजून गुळगुळीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या सकाळपासून तिसऱ्यांदा नातीच्या, अनुश्रीच्या, मोबाइलवर तोच जुना दरोडेखोरांचा चित्रपट पाहत होत्या. टोळी गावे जाळते, माणसे कापते, आणि अखेरीस रक्ताळलेला म्होरक्या आईच्या दाराची कडी वाजवतो... दार उघडते की नाही, हे न दाखवताच पडदा पांढरा. तिन्ही वेळा पांढराच.

"आजी, संपलाय तो," अनुश्री म्हणाली.

संपलाय! साठ वर्षांपूर्वी हट्टा गावच्या जत्रेत याच पांढऱ्या पडद्यावर लोकांनी दगड मारले होते. वडील तापाने पडलेले, सारा तंबू तिच्या एकटीच्या हाती — आणि दर रिळानंतर घंटा देणाऱ्या सतरा वर्षांच्या शालूने, आपले बारा टोल मोजून, शेवट असलेले तेरावे रीळ यंत्र चालवणाऱ्या देवलाने विकले, असे भर गर्दीत जाहीर केले होते. पिक्चर एवढाच आहे, असे तो सांगत राहिला. पण मी चुकेन कशी, मी व्यंकटरावांची लेक... त्यानंतर चोराला यंत्राला हात कोण लावू देणार? तो जन्मभर हट्ट्यातच दुसऱ्यांच्या रानात राबला. आणि मी त्या बंद दाराचा राग त्याच्यावर काढत राहिले — ते दार उघडलेले कोणी चित्रित केलेच नव्हते.

उन्हे कलायच्या आत त्या घंटा घेऊन नातीच्या गाडीतून हट्ट्याला देवलाच्या घरी पोहोचल्या. दार देवलानेच उघडले. चुकले मी, असे त्या म्हणाल्या, आज्ञा द्यावी तशा. तो वयाने वाकला होता, पण उंबऱ्यातून हलला नाही.

"दारात काहून सांगून राहिल्या, बाई? चोर म्हनलात तवा समदी जत्रा ऐकत व्हती."

त्यांना संताप आला — त्याच्या बोलण्याचा, आणि ते बरोबर होते याचाही. त्यांनी ओट्यावरून घंटा वाजवायला सुरुवात केली. टोलागणिक एकेक दार उघडत गेले... बारा झाल्यावर त्या थांबल्या.

"देवलाने रीळ चोरले नव्हते. खोटी मी होते."

जमलेल्यांतल्या बहुतेकांना कुठले रीळ, कुठली जत्रा, ठाऊकही नव्हते. देवलाने मात्र सावकाश मान हलवली.

"फिटलं, बाई. समदं फिटलं."

फिटले... तरी त्यांचा हात घंटेवर तसाच. आणखी एक, तेरावा टोल द्यावा की न द्यावा, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शालूबाईंना कळेना.